चुकीच्या पलटणीची दशमी

३ सप्टेंबर, बुधवार
एमिकोबाईंची मेल. निवृत्त शिक्षिका, ओसाकाच्या. दोन वर्षं आमच्या आजोबांसाठी तिकडचे लष्करी कागद उपसतायत, तेही फुकट. लिहितात : तुमचे आजोबा कैदेत होते त्या बेटावर तुम्ही सांगितलेली रेजिमेंट कधी नव्हतीच. तिथे राखणीला ‘स्वतंत्र मिश्र ब्रिगेड’ होती, आणि तिच्यात रेजिमेंट हा प्रकारच नसतो. पायदळाच्या काही पलटणी, थोडा तोफखाना, रस्ते-पूलवाले, संदेशवाले. सगळे थेट ब्रिगेडप्रमुखाच्या हाताखाली.
तीनदा वाचलं. चहावर साय धरली.
म्हणजे मामा आजोबांसाठी घालतो ती दशमी...

४ सप्टें.
चूक कुठे झाली ते नीट लिहून ठेवते. म्हणजे उद्या स्वतःला माफ करायची सोय राहणार नाही.
आजोबा इंग्रजांच्या फौजेत, बेचाळीसला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले. मामा तेव्हा आजीच्या पोटात, आई तीन वर्षांची. लढाईनंतर परत आलेल्या गाववाल्याचं एक कार्ड, बस : ‘तुमचा माणूस बेटावर जपानी ब्रिगेडच्या दुसऱ्या पलटणीकडे होता.’ मी काय केलं? लहानपणी पाठ केलेली अक्षौहिणी डोक्यात. पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, तिप्पट-तिप्पट चढत जायचं. पलटण आहे ना, मग वर रेजिमेंट असणारच! शेजारच्या बेटावर एक रेजिमेंट सापडली, तिला दुसरी पलटणही होती. तिच्या रोजच्या नोंदीत एक ओळ : हिंदी कैदी, ताप, मृत. तारीख होती. जुनं पंचांग काढून तिथी लावली. दशमी. वर पेपरात लेख लिहिला, पाऊण पान, आजोबांच्या फोटोसकट.
मामाने तो लॅमिनेट करून देवाजवळ लावलाय, आणि तेव्हापासून पितृपक्षातल्या दशमीला आजोबांचं पान वाढतो.
पाठांतर शंभर टक्के. अक्कल शून्य.

६ सप्टें., अनंतचतुर्दशी
संपादकांना फोन. खुलासा छापा म्हटलं.
“ताई, दोन वर्षं झाली. कोणाच्या लक्षात आहे?”
“एका माणसाच्या आहे.”
“आणि ब्रिगेड काय, रेजिमेंट काय, वाचकाला सगळं सैन्यच ना यार!”
मी : तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला उद्या कर्नल म्हणून छापते, चालेल?
हसला. हसला!! बाहेर ढोल इतके की धड ओरडताही आलं नाही.

८ सप्टें.
एमिकोबाईंना उलट विचारलं, अशी ब्रिगेड करायचीच कशाला? उत्तर सरळ. डिव्हिजनी लढायला मोकळ्या ठेवायच्या. जिंकलेला मुलूख, रेल्वे, धक्के, धावपट्ट्या राखायला ही वेगळी जुळणी. पलटणी सुट्या करून इथे एक ठाणं, तिथे एक ठाणं. कैदी? ज्या ठाण्यांना हमाल हवेत त्यांना वाटून द्यायचे.
काय सोयीचं आहे! मधली पायरीच नाही. ब्रिगेडप्रमुख लांब, आणि एखाद्या धक्क्यावर बसलेला लेफ्टनंट कैद्यांचा देव. आजोबांना कोणी काय केलं, हे विचारायचं तर दारच नाही.
दिवसभर भांडी आपटली. माझा नवरा अविनाश म्हणाला, “ऐंशी वर्षांपूर्वीच्या सैन्यावर आज किती चिडशील गं?” म्हटलं, जेवढी शिल्लक आहे तेवढी.

१० सप्टें.
खुलासा छापून आला. फरशीच्या जाहिरातीखाली, चार ओळी. मथळा : ‘तांत्रिक दुरुस्ती’.
तांत्रिक. माझ्या आजोबांचं मरण तांत्रिक.

११ सप्टें.
एमिकोबाई : त्या ब्रिगेडचे बहुतेक कागद शेवटी जाळले गेले. पण दुसऱ्या पलटणीच्या एका ठाण्याची यादी शिल्लक राहिलीय. कैद्यांची नावं जपानी कानाने लिहिलेली, पुढे मेल्याचा दिवस आणि कारण. एक नाव जुळण्यासारखं वाटतं. ‘वाचून पाठवू का?’
कारण. तापाने गेले म्हटल्यावर मामा लहान मुलासारखा निवला होता. “म्हणजे मारूक नाय मां त्यांका,” एवढंच म्हणाला होता. हत्याराने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला असतं, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.
अजून उत्तर दिलं नाही.

१४ सप्टें., रविवार
दहिसरला मामाकडे गेले. मामी दशमीचे काळे वाटाणे निवडत बसलेली. मामाने हौसेने नवा पाट दाखवला. त्र्याऐंशीचा माणूस, गिरणीत आयुष्य गेलं, स्वतःचा बाप फक्त फोटोत पाहिलेला.
सांगितलं. अक्षौहिणीसकट.
मामाने पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. मग, “म्हणजे दोन वर्सां मी दुसऱ्याच्याच बापाशीक जेवक घातलंय?”
“हो मामा.”
“तेचा कोण असतला?”
“माहीत नाही.”
“मगे तो उपाशी ऱ्हवता नये. तेका कोण घालतलो?” मामी निवडायची थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बाय गो, एवढी शिकलंस, एकदा इचारूक काय झाला होता तुका?”
तेवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
यादीचं सांगितलं. कारण लिहिलंय, हेही.
“मागव. पण तू आधी वाचू नको. हंय येवन माझ्यासमोर वाच.”
लॅमिनेट केलेला लेख काढते म्हटलं, तर “ऱ्हवांदे, फोटो बरो इलोहा.”

१५ सप्टें., सोमवार
सकाळी एमिकोबाईंना ‘पाठवा’ लिहिलं. दुपारी फाइल आली. दोन पानं. वर त्यांची एक ओळ : ‘हे तुम्हाला पाठवताना मला वाईट वाटतंय.’ आता ही ओळ सगळ्यांनाच लिहितात की मलाच?
उघडलेली नाही.
मामाचा फोन. उद्याची दशमी करायचीच म्हणतो, त्या परक्यासाठी. आमच्या माणसाचं मग बघू; चतुर्दशी शनिवारी, सर्वपित्री अमावस्या रविवारी, दोन्ही हाताशी आहेत.
“इला काय गो ता?”
“आलं.”
“वाचलंस?”
“नाही.”
“सकाळी लवकर ये. वाचूचा आधी, मगे पान वाढूया.” थोडं थांबून, “नको. आधी पान.”
फोन चालूच होता. मागे मामी वाटाण्यांत पाणी ओतत होती.