राउटरची यादी आणि पिस्ता रंगाची बावीस पिंपं

तीर्थरूप मामा,

भाच्याचा कागदावरून वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकता येत नाही, कमरेत उसण भरली आहे. कशी भरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, माझं मात्र विचारू नका. म्हणजे विचारलं नाहीत तरी मी सांगणारच आहे.

निवृत्त होताना तुम्ही साहेबांना छातीठोकपणे सांगितलंत, की भाचा माझ्यापेक्षा हुशार आहे. त्या एका वाक्याने मी तुमच्या जागेवर गेले सहा महिने हैराण आहे. मला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं हे साहेब या शुक्रवारी ठरवणार, आणि त्याआधी काहीतरी करून दाखवावं म्हणून मी त्या बारीक लाइनला हात घातला. ऑफिस आणि रंगांचं गोदाम यांचे संगणक जोडणारी, तीच. गोदामातली जुनी यंत्रं अजून त्यांची ती जुनी भाषा बोलतात, आणि त्या भाषेची रीतच अशी की दर मिनिटाला प्रत्येकाने ओरडून सांगायचं, मी प्रिंटर, मी इथे आहे! कोणी विचारलेलं नसतं. (आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थही जिन्यात असंच करतात, पण त्यांच्यापुढे राउटर बसवता येत नाही.) या आरडाओरड्याने लाइन इतकी तुंबायची की ऑफिसात एखादी ऑर्डर उघडायला घातली की लोक निवांत चहा पिऊन येत.

म्हटलं, लाइनीच्या दाराशी बसून ये-जा बघणाऱ्या राउटरला यादी द्यायची, की जुन्या भाषेतलं काही आलं तर दारातूनच परत पाठव. दोन मिनिटांचं काम. यादी तो वरून खाली वाचतो आणि पहिली लागू पडेल ती ओळ मानतो, एवढं तुम्हीच शिकवलेलं मला पाठ होतं. मी एकच ओळ लिहिली, जुन्या भाषेला बंदी, आणि आपल्या खुर्चीत बसून ती लाइनीपलीकडच्या गोदामातल्या राउटरवर चढवली. विसरलो काय, तर यादीच्या शेवटी एक न लिहिलेली, न दिसणारी ओळ असते, की ज्यांचं नाव वर नाही त्या सगळ्यांना हाकला. राउटरने इमानदारीने सगळ्यांना हाकललं. ऑर्डरी बंद, हजेरी बंद, आणि चूक दुरुस्त करायला निघालेला मीही बंद, कारण माझाही रस्ता त्याच दारातून! स्वतःच्या घराबाहेर राहून आतून कडी लावणारा माणूस, मामा, तुम्ही पाहिला नसेल. तो तुमच्याच बहिणीचा मुलगा.

सायकल दामटत गोदामात गेलो, राउटरचं कपाट उघडलं, केबल लावून दुसरी ओळ घातली, की बाकी सगळ्यांना येऊ द्या. सगळं सुरळीत झालं, आणि लाइन अशी पळायला लागली की ऑफिसातल्या लोकांची चहाची सवय मोडली. साहेबांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. मला तर वाटलं, आता शुक्रवारची वाट कशाला बघायची!

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामाच्या मुकादमांचा फोन. (गडी फोनवरही हातवारे करत असावा, मधूनमधून आवाज लांब जात होता.) म्हणाले, "अहो, सकाळपासून नुसता पिस्ताच निघतोय! तुम्ही कोणाचा वाडा रंगवायला घेतलाय का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रंग मिसळायचं यंत्रही जुनीच भाषा बोलतं आणि ऑफिसकडून येणाऱ्या मात्रांची, म्हणजे कोणता रंग किती घालायचा त्याची, वाट बघतं. नवीन मात्रा आली नाही, की बिचारं शेवटची आठवून तोच रंग पुन्हा काढत बसतं. आदल्या दिवसाची शेवटची मात्रा पिस्ता रंगाची होती. पुन्हा सायकल दामटत गोदामात पोचलो, तोवर बावीस पिंपं भरली होती. त्यातली चार वाटेतून बाजूला सरकवताना ही कंबर गेली.

आणि मामा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी मला तेव्हा दिसली: "रंगयंत्राची ओळ सगळ्यात वर. आधी त्याला सोडा, मग बाकीच्यांना अडवा." आदल्या दिवशी दाराकडे पाठ करून मी स्वतःच्या हुशारीवर खूश होत बसलो होतो. फार लाज वाटली. ओळ वर घातली आणि पुढचं पिंप पांढरं निघालं. मुकादमांनी टाळ्या वाजवल्या, त्याही जरा कुजकट.

साहेब रागावले, पण बेताने. दोष सगळा मी माझ्यावर घेतला, तुमचं नाव अजिबात मध्ये आणलं नाही. असो. गुडघ्याला जपा, मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. साहेब म्हणाले, शुक्रवारी नवीन माल उतरणार, तोवर पिंपं हलली तर तुम्ही कायम, नाही तर पिंपांबरोबर तुम्हीही बाहेर. मामा, तुम्ही मागे कुंपणाची भिंत रंगवायची म्हणत होतात ना?

ता. क. दुसरा. तुमचं नाव मी खरंच घेतलं नाही. टेम्पोवाल्याला फक्त पत्ता दिला. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे, तेव्हा वाचून झालं की जरा फाटक उघडा.

ता. क. तिसरा. टेम्पो भरताना साहेब खाली आले, टेम्पोवाल्याच्या हातातला पत्ता वाचला आणि कायम झाल्याचा कागद तिथेच माझ्या हातात ठेवला. म्हणाले, मुलगा जेमतेम आहे, पण असा मामा असलेला माणूस सोडता येत नाही. पिस्ता रंग मामींना आवडतो, असंही मी त्यांना सांगून टाकलं आहे. मामींना तुम्ही सांगा.