सहा घरांसाठी एक केग

४ एप्रिल, शुक्र.
केग, म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप, शेवटी फ्रिजमध्ये बसला. दोस्त बस्त्याव ज्या हॉटेलात काम करतो त्यांनी भंगारात काढलेला, एकोणीस लिटरचा. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, झल्लाकहून, तो स्वतः गाडीत घालून घेऊन आला, पैसे विचारले तर शिवी दिली. आत आलं, लिंबू, साखर. यीस्ट नाही, म्हणजे दारू व्हायचा प्रश्न नाही; मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात द्यायचं आहे. फेसासाठी नुसता सोड्याच्या सिलिंडरचा गॅस. जयंती १४ ची, पण कार्यक्रम २५ ला, हॉल तेव्हाच मिळाला.
बायको, वंदना, म्हणाली, "कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणा न व. कायले हा उपद्व्याप?"
आणता येतात. पण गेल्या वर्षी ती चाळीस दिवस दवाखान्यात होती, तेव्हा मंडळातल्या सहा घरांतून पाळीपाळीने डबा आला. आणि मी प्रत्येक डबा रिकामा परत केला. धुऊन, पण रिकामा. आमच्याकडे असं कुणी करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. मला तेवढंही सुचलं नाही. आता त्या सहा जणींच्या हातात माझ्या हातचं काहीतरी द्यायचं आहे. देताना दोन शब्द बोलायचे आहेत. ते अजून जमलेले नाहीत.

७ एप्रिल, सोम.
तीन दिवस झाले, ग्लासात नुसतं सरबत. गॅस गेला कुठे? झाकणाला साबणाचं पाणी लावलं, एसीच्या जॉइंटला लावतो तसं. रबरापाशी बुडबुडे. वीस वर्षं इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये, लोकांच्या एसीचे लीक शोधतोय आणि घरचं झाकण तपासलं नाही. शाबास, विलासराव. रबर बदललं.

१० एप्रिल, गुरु.
वेळ वाया गेला म्हणून प्रेशर तीसवर नेलं आणि केग मांडीवर घेऊन वीस मिनिटं हलवला. वं. हसून बेजार. "पोरीले बी एवढं झुलवलं नव्हतं तुमी."
ती हसली की बरं वाटतं. केग बिघडला तरी चालेल, असं क्षणभर वाटलं.

११ एप्रिल, शुक्र.
बिघडलाच. नळ उघडला, सगळा जग फेसाने भरला. खाली घोटभर पेय. प्रेशर दोनवर आणलं, म्हणजे हळू येईल. आणखी फेस. रियाने फोटो काढला. "पप्पा, इट्स शॅम्पू." पुसत बसलो. चौदा दिवस उरले.

१३ एप्रिल, रवि.
बस्त्याव चर्चमधून थेट आला. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, शर्टाच्या खिशात झावळीचा छोटा क्रूस. रोज बारमध्ये बिअर ओततो, पण उपासाच्या दिवसांत थेंब घेत नाही. नळ एकदा उघडला, बंद केला, फ्रिजमध्ये डोकावला.
"अरे विलास, पाईप केवढासा लावलायस?"
हातभर. मला तर त्याचाच अभिमान होता. आमच्या कामात पाईप जितका आखूड तितका कारागीर चांगला. फालतू वेटोळं दिसलं की फोरमन सगळ्यांसमोर काढतो.
"हा तुझा एसी नाय. इथे लांब पाईपच प्रेशर खातो. तीन मीटर घाल, गुंडाळून आतच ठेव. आणि प्रेशर उतरवलंस तर गॅस पाईपातच सुटतो, मग फेस नाय तर काय येणार? बारावर ठेव, हात लावू नको. खलास."
आधी कोंबलेला जादा गॅस झाकणाची कडी ओढून ओढून सोडला. मी देव मानत नाही, पण बस्त्यावचं भलं होवो.

१४ एप्रिल, सोम.
सकाळी घरी बुद्धवंदना घेतली, मेणबत्ती लावली, मग ड्युटी. संध्याकाळी नळ उघडला. दोन बोटं फेस, खाली गार पेय, जिभेला चावणारं. ग्लास समोर ठेवून बघत बसलो.
वं.: "प्या न आता, का फ्रेम कराची हाय?"

१९ एप्रिल, शनि.
कार्यक्रमाचा केग भरला. वं.ने रस मलमलमधून दोनदा गाळला. चोथा राहिला की त्यानेही फेस येतो. बारा प्रेशर. हलवणं नाही.
२९ ला तिचा वर्षाचा स्कॅन. प्रेशरच्या गेजचा काटा दोघंही दिवसातून चार वेळा बघतो.

२५ एप्रिल, शुक्र.
केग दुपारीच हॉलवर नेला, रस्त्यात हिंदकळतो म्हणून संध्याकाळपर्यंत स्थिरावू दिला. पहिला ग्लास फेसाचा, नळ गरम होता. तो वं.ने घेतला. पुढचे सगळे नीट. ऐंशीएक ग्लास गेले असतील.
सहा जणींना मीच दिले. मेश्राम वहिनी सगळ्यात आधी. शब्द पाठ केले होते. "वहिनी, गेल्या वर्षी..." एवढंच निघालं आणि मी ग्लास पुढे केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, अजून एक भरा, आमच्या ह्यांना पण द्या." मी भरला.
घरी येऊन वं.ला म्हटलं, बोलायचं राहूनच गेलं. "समजलं त्याईले," म्हणाली. मला नाही तसं वाटत.

२९ एप्रिल, मंगळ.
स्कॅन झाला. रिपोर्ट गुरुवारी. मशीनवरच्या माणसाला विचारलं, ठीक आहे ना? "इंशाल्ला," म्हणाला, वर बघितलं नाही.
वं.चा हात धरून बाहेर आलो तर बाकावर त्या सहाही जणी ओळीने बसलेल्या. मी कुणाला तारीख सांगितली नव्हती, वं.नेही नाही. मेश्राम वहिनींनी गेल्या वर्षीच दवाखान्यातल्या कागदावरून लिहून ठेवली होती म्हणे.
"तुम्ही कशाला आलात?" एवढंच बोलता आलं.
"आज सुट्टीच होती, भाऊ."
मंगळवारी सहा जणींना सुट्टी.