टाकीला लावलेलं कुलूप

मु. चिचटोला, धानोरा रस्ता,
गडचिरोली, जिल्हा चांदा.
ता. ३ जानेवारी १९५५

राजमान्य राजश्री मनसारामभाऊ यांस, तुमच्या घरच्या जावयाचा, शालिकरामचा, दोन्ही हात जोडून रामराम. (जावयानं साळ्यापुढं हात जोडायचे नसतात हे मला ठाऊक आहे. पण काम तसंच आहे, ते पुढं कळेल.)

विनंती विशेष. इकडे सर्व ठीक, आपलं कुशल लिहीत जावं. सरकी काढायच्या जिनातला कापूस नाकात जाऊन खोकला होतो असं मागं लिहिलं होतंत, तर तोंडात गुळाचा खडा धरत जा आणि मिशा थोड्या कमी करा, अर्धा कापूस तिथंच अडकत असणार. वहिनींना नमस्कार. आपली बहीण गोकुळा कशी आहे तेही लिहावं. भादव्यात तिला थंडीतापानं धरलं, इथल्या गोळ्यांनी ताप जायचा आणि पुन्हा यायचा, शेवटी आपण स्वतः येऊन तिला वरोऱ्याला घेऊन गेलात आणि तिचा जीव वाचवलात. हे उपकार मी विसरलो नाही, विसरणारही नाही. ताप आता साफ गेला, भाकर खाते, अंग धरलं आहे, हे आपल्या पत्रावरून कळलं आणि फार बरं वाटलं. त्याच पत्रात आपण लिहिलंत की तिला पुन्हा जंगलात पाठवायला मन धजत नाही, तुम्हीच गिरणी विकून इकडे या, मी तुम्हाला जिनात लावून देतो. त्याचं उत्तर सवडीनं देतो. आधी इंजिनाचं ऐकावं, कारण आपण फिटर आहात आणि इंजिनांच्या संगतीत आपले केस पिकले आहेत.

माझ्या धानाच्या गिरणीचं इंजिन आपण पाहिलंच आहे. शेजारी ओट्यावर पाण्याची लोखंडी टाकी. खालच्या नळानं गार पाणी इंजिनात जातं, इंजिनाची आग पोटात घेऊन वरच्या नळानं टाकीत परत येतं. (आपल्याला हे सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय माझं पत्र पुढं सरकत नाही.) संध्याकाळी इंजिन बंद झालं की टाकीतलं पाणी अंघोळीला चांगलं कढत असायचं. गोकुळा त्यातलं बादलीभर घरी न्यायची, ते ठीक. पण टोल्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीवरच्या, बाळंतिणी, म्हाताऱ्या, नाक गळणारी पोरं, सगळ्यांना ती घागरीएवढे गुंड भरभरून वाटायची. मी म्हणायचो, हे इंजिनाचं पाणी आहे, धर्मशाळेचं नव्हे. त्यावर तिनं मला विचारलं होतं, "इंजिनाले काय थंडी वाजून राह्यली काय?" (आणि गुंड भरतच राहिली.)

ती वरोऱ्याला गेली तरी बायांचे गुंड यायचे थांबेनात. सगळ्यांत पुढं शेजारच्या आशाबाई, त्यांचे गुडघे दुखतात आणि हिवाळ्यात त्यांना शेक लागतो. तेव्हा मी घरधनी म्हणून पहिलं कडक काम केलं. टाकीच्या झाकणाला कडी होतीच, गोकुळेच्या तांदळाच्या पेटीला उघडंच लटकत असलेलं कुलूप काढलं आणि कडीला लावलं. खटक्याचं कुलूप आहे, दाबलं की बसतं. बसलं. आता टाकीतला थेंबही बाहेर जायचा नाही, म्हणून मी निश्चिंत झालो.

पुढं काही दिवसांनी आवाज सुरू झाला. पहिल्यांदा मला वाटलं माझंच पोट. (स्वतःच्या हातचं खातो, त्यामुळे संशय आधी तिकडे जातो.) पोटावर हात ठेवून पाहिला, पोट गप्प होतं. मग नीट ऐकलं. आधी गुडगुड, मग आतून कोणी बुक्की मारावी तसा ठोका, मग वरच्या नळाकडून फुस्स. दुपारपर्यंत तर इंजिन असं कण्हायला लागायचं की धान घेऊन आलेली माणसं माझ्याकडे बघायची, जसं काही मीच त्याला मारलं आहे. सोमाजीला बोलावलं. हा लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी चालवायचा, आता घरी बसून गावाला गाडी चालवायला शिकवतो (गावात गाडी नाही). त्यानं पारईचं, म्हणजे पहारीचं, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि इतका वेळ उभा राहिला की आम्हाला वाटलं झोपला. मग म्हणाला, धुराड्याचा दोष आहे, ओलं पोतं बांधा. बांधलं. धूर बाहेर जायचा तो आत आला आणि गावातल्या बापूजीच्या पोरीच्या लग्नाचं धान त्याच दिवशी भरडायला होतं. वऱ्हाडी मंडळींनी भाताची फार तारीफ केली, त्यात मासे भाजून घातले का म्हणून विचारलं. आवाज मात्र तसाच.

मग पोस्टमास्तर आले. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं की पाया हलला की यंत्र बोलतं. त्यांच्या सांगण्यावरून मोठमोठे दगड आणून इंजिनाभोवती रचले. आवाज गेला नाही, पण मला आता वळसा घालून जावं लागतं आणि रोज तोच घोटा त्याच दगडावर आपटतो. तिसरा झिंगू. हा जंगलाकडच्या टोल्यावरचा गोंड माणूस, धान घेऊन येतो आणि निवांत बसतो. त्यानं काही कानाला लावलं नाही, नुसतं म्हणाला, "टाकी पाहून घेऊ ना, भाऊ." टाकी पाहू असं सोमाजीही म्हणाला होता, मास्तरही म्हणाले होते. मी तिघांनाही एकच सांगितलं, टाकीला कुलूप आहे, तिकडून काही धोका नाही.

हल्ली जेवणवेळ झाली की इंजिन बंद करतो. नवं धान घरोघरी येऊन पडलं आहे, गिरणीच्या दाराशी पोत्यांची थप्पी लागली आहे आणि लोक आता बैल जुंपून धानोऱ्याकडे नेण्याची भाषा बोलतात. उद्या इंजिनच फुटलं तर गिरणीचा प्रश्न आपल्या मनासारखा आपोआप सुटेल, मला उत्तर लिहायचेही कष्ट नकोत. पण ते तसं सुटू नये असं मला फार वाटतं. तेव्हा या आवाजाबद्दल आपलं मत काय, ते कळवावं.

आता लाजेची गोष्ट. टाकी उघडून पाहावी असं मलाही वाटतं, पण किल्ली माझ्याजवळ नाही. ती गोकुळेच्या कमरेच्या छल्ल्यात आहे आणि छल्ला आपल्या घरी आहे. हे मला खटका बसल्याबरोबर आठवलं होतं. पण समोर आशाबाई उभ्या होत्या आणि मी ऐटीत उभा होतो, त्यामुळे कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि तसाच निघून आलो. तरी किल्ली पाठवण्याची कृपा करावी. टपालानं पाठवू नये, टपालात किल्ल्या गहाळ होतात. (मास्तर म्हणतात असं कधी झालं नाही, पण त्यांचं दगडांचं मत आपण वर वाचलंच.) भरवशाच्या माणसाबरोबर पाठवावी. किल्ली जिच्या कमरेला आहे तेच माणूस आलं तर उत्तम, कारण कुलूप जुनं आहे आणि दुसऱ्याच्या हाताला ते दाद देत नाही.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना पायलागू. लिहिण्यात चुकलं असेल तर जावई समजून सोडून द्यावं.

आपला
शालिकराम

ता. क. पत्र लिहून झालं, टपाल बाजारच्या दिवशी जातं म्हणून ठेवून दिलं, तर आज सकाळी आशाबाई गुंड घेऊन पुन्हा दारात. मी म्हटलं, बाई, इंजिन आजारी आहे, पाणी मिळणार नाही. त्या तिथंच ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गोकुळा पाणी नेत होती थे दिसलं तुमाले, शालिकभाऊ. सकाळी इहिरीचं पाणी आणून टाकीत वतत होती थे काऊन नाई दिसलं? नेत होती त्याच्याहून जास्ती वतत होती. तुमी तवा झोपून राहत होते." भाऊ, मी उठून टाकीपाशी गेलो. मग झिंगूला हाक मारली, त्यानं कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं एका घावात कडी तोडली. आत पाहतो तर पाणी वरच्या नळाच्या कितीतरी खाली गेलेलं, त्यामुळे इंजिनात फिरायचंच थांबलेलं. कोणी नेलं नव्हतं, वाफ होऊन आपल्या पायांनी गेलं होतं, आणि मी कुलपाकडे बघून खूश होतो. ज्या बायांना मी परत पाठवलं होतं त्यांनीच विहिरीपासून रांग लावून टाकी काठोकाठ भरली. इंजिन सुरू केलं. गुडगुड नाही, ठोका नाही. संध्याकाळी आशाबाई गुडघे शेकायला सगळ्यांत आधी पाणी घेऊन गेल्या आणि मी स्वतः गुंड उचलून दिला.

दुसरा ता. क. तरी किल्ली पाठवू नये, आता कुलूप लावायला कडीच राहिली नाही. आवाजाबद्दल विचारलं होतं तेही सोडून द्यावं. म्हणजे वरचं सगळं पत्र फुकट गेलं, पण कागद चांगला आहे, फाडवत नाही.

तिसरा ता. क. हे गोकुळेला वाचून दाखवू नका, आधी आपण वाचा. आवाज होता तोवर बरं होतं. माणसं यायची, पारई लावायची, दगड रचायची, दिवस जायचा. आता गिरणी सुरळीत चालते आणि मला घरात बसवत नाही. मला तिच्यावाचून करमत नाही, भाऊ. हे मी तिच्यापाशी कधी बोललो नाही, आपल्यापाशी लिहितो आहे. आपण लिहिलंत ते खोटं नाही. पावसाळा येईल, ताप पुन्हा येईल, आणि इथल्या गोळ्यांनी तो जाणार नाही. गिरणीला गिऱ्हाईक मिळेल, मी पाहून ठेवलं आहे. कापसाचे गठ्ठे उचलायला मला लाज नाही. पण आपण मला विचारलंत, मी आपल्याला लिहितो आहे, आणि जिचं सगळं आहे तिला दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. तेव्हा एवढंच काम करा. वहिनी शेजारी नसताना, तिच्या हातात काम नसताना तिला विचारा, बाई, तुला कुठं राहायचं आहे? तिकडेच म्हणाली तर गिरणी विकून मी येतो. घरी म्हणाली तर दिवस कळवा, गडचिरोलीच्या मोटार अड्ड्यावर बैलांची दमणी घेऊन सकाळपासून उभा राहतो. आणि काहीच बोलली नाही, तर उत्तर लिहीत बसू नका. मी येतो आणि ती बोलेपर्यंत तिच्याजवळ बसतो.