ओळ संपली की डोळे मिटायचे

वाशी,
११ मार्च १९८४

चि. सौ. जयमालास,
आप्पांचे आशीर्वाद. इकडे सगळे आहोत तसे आहोत.

सकाळपासून एक जुना आवाज कानात आहे. मी शिकवायचो त्या शाळेत वर्ग कविता म्हणायचा, आणि ओळ संपली की सगळी मुलं एकदम श्वास घ्यायची. कविता विसरलो, तो श्वास राहिला.

विलास तुर्भ्याला कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो.  तुमच्या दोघांत काय झालं, ते मी त्याला विचारलेलं नाही.

पत्राचं कारण नंदिनीचे डोळे. तू माहेरी गेलीस आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शाळेत, जेवताना, पुस्तक वाचताना. तिच्या बाई म्हणाल्या, आईची आठवण. शेजारच्या शरीफाभाभी म्हणाल्या, "रडू द्या तिला आप्पा. आतल्या आत ठेवून काय करनार ती?" आम्हीही तेच धरलं. ती म्हणायची, "मी रडत नाही आजोबा, डोळ्यांत वाळू आहे." आम्ही तिला आणखी जवळ घ्यायचो.

उजेड सोसेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. कोरडे डोळे खुपतात म्हणून पाणी येतं, पण ते टिकत नाही. पोर पुस्तकात शिरलं की पापणी मिटायची विसरतं. त्यात इथली बांधकामांची धूळ, तोंडावर पंखा. काजळ, गुलाबपाणी बंद. औषधाचे थेंब, पापण्यांवर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी.

"म्हणजे ती रडत नव्हती?" मी विचारलं.

"मी डोळ्यांपुरतं सांगतोय," ते म्हणाले.

हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

आता रोज तिच्या पुस्तकातली कविता म्हणतो आम्ही. ओळ संपली की डोळे मिटायचे, पापणीला पापणी टेकवायची, मग पुढची ओळ. मिटल्या डोळ्यांनी ती विचारते, "आईला कळवलं?" मी पुढची ओळ सांगतो.

विलास म्हणाला, डोळ्यांचं निमित्त करून तुला बोलवायचं नाही. म्हणून बोलवत नाही. माझा हात थरथरतो, थेंब गालावर पडतात, एवढंच. तुझा हात हलका होता.

मधेच बेल वाजली म्हणून पत्र ठेवून उठलो होतो. दारात तुझ्या आई, पिशवी घेऊन. "पोरीला बघायला आले," म्हणाल्या. एकट्याच आल्यात. नंदिनी त्यांच्या पाठीमागच्या जिन्याकडे बघत उभी आहे. पापणी हलत नाही तिची. मी 'डोळे मिट' म्हटलं नाही.

दार अजून लावलेलं नाही.

आप्पा