तिचं तिला करू दे

२ मार्च
पोचले बाई एकदाची! आईनं दारातच बजावलं की ती आजारी आहे, तान्हं बाळ नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात मंदावलाय, तोंडाचा पट्टा मात्र जोरात आहे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि आता स्वेटरची बटणं लावायला तिला दहा मिनिटं लागतात. मी चुटकीसरशी लावून दिली. ती रुसली, मग हसली. दोन महिने रजा आहे. तिला राणीसारखी ठेवणार.

३ मार्च
सकाळी आई बटणाकडे टक लावून बसली होती. हे काय असतं, म्हणाली. मला वाटलं, चेष्टा करतेय. नव्हती करत. दुपारी सुईत दोरा ओवताना हात थरथरत होता, म्हणून मी ओवून दिला.

५ मार्च
सुई कशासाठी असते हे तिला आठवत नाही. शिलाई मशीनवर ओला टॉवेल वाळत घातला तिनं. ज्या मशीनवर आम्हाला कधी कप ठेवू दिला नाही! डॉक्टर म्हणतात, आजार वाढतोय. पण झाडांना पाणी ती न चुकता घालते, वेणी घालते, चहा करते. ज्याला मी हात लावला नाही ते सगळं तिला येतंय. दादाला फोन केला. तो म्हणाला, काहीतरी बरळू नकोस, तिचं तिला करू दे. लांब राहून बोलायला याचं काय जातंय?

६ मार्च
खात्री करायची म्हणून आज तिची वेणी मी घातली. एकदाच.

७ मार्च
कंगवा तिनं उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून दिला. हे मी केलं. आणि काल तर मुद्दाम केलं.

९ मार्च
जेवताना अर्धं अंगावर सांडतं. ती माझ्याकडे आशेनं बघते. मी रडते, पण चमचा धरत नाही.

१० मार्च
आई एका वाक्यात अडखळली. तू आता तुझ्या घरी— आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं. तिचं वाक्य मी पुरं केलं.

११ मार्च
आई बोलत नाही. एक शब्दही नाही.
दादा उद्या दुपारी येतोय. तो आला की मी जाणार. मी लांब गेले तरच ती—

१२ मार्च
आईला श्वास घेता येत नाहीये. अँब्युलन्स बोलावलीय, वीस मिनिटं म्हणाले. हात गुंतलेले राहावेत म्हणून लिहितेय. छाती वर— खाली— थांबली— पुन्हा—
ओठ निळे पडलेत. तोंडाला तोंड लावून एकदा श्वास दिला तर— पण मग तिला तो कधीच—
तुझं तू घे गं आई. घे ना. माझ्याकडे अशी नको बघू, मी नाही— मी—
आले, आई, मी आ