चौऱ्याऐंशी टक्के

२ फेब्रुवारी, मंगळवार

चौऱ्याहत्तर टक्के! वसाहतीतले चौऱ्याहत्तर टक्के लोक म्हणे घर सोडायला राजी आहेत. पालिकेने आज फाटकावर कागद डकवला. तीनदा वाचला. चौथ्यांदा मोठ्याने वाचला, कारण तोवर भोवती पंधरा-वीस जण जमले होते.

खाण बंद पडली तेव्हा कंपनीला आम्हाला हुसकावता आलं नाही, कोर्टात आपटली. आता पालिका मागचा दगडमातीचा ढिगारा दाखवते. ढिगारा सरकतोय, भिंती फुगताहेत, शहराबाहेरच्या नव्या इमारतींत चला. नको म्हणालात तर त्या जागा दुसऱ्यांना जातील, पुन्हा विचारणार नाही. सुनावणी चोवीस तारखेला.

पद्धत तळाला बारीक अक्षरांत होती. फोन असलेल्या एकशे नव्वद घरांना फोन केले, एकशे अठरा ठिकाणी उचलला गेला, सत्त्याऐंशी 'हो'. वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. आणि प्रश्न? 'कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी अधिक चांगल्या घरात जायला आपण तयार आहात का?' असं विचारलं तर मढंही मान डोलवेल. ही पाहणी नव्हे, हे वकिलाने साक्षीदाराला पढवणं आहे.

माझ्या घरी तीस वर्षं फोन आहे. मला कुणी विचारलं नाही!

६ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. आम्ही आमची पाहणी करणार. फोनबिन नाही, दारोदार. दोनशे बाराही घरं. युनियनच्या जुन्या खोलीत बैठक झाली. पोस्टातून निवृत्त झालेला टपालवाला म्हणाला, "तोफ पुढे, आम्ही दारूगोळा घेऊन मागे." सगळे हसले. तोफ हे माझं नाव संपाच्या वेळचं. अजून चिकटलेलं आहे.

आकडेबाई आपणहून आल्या. जनगणना कचेरीत चौतीस वर्षं काढली त्यांनी. कानाला यंत्र, बोलणं अगदी हळू. एवढंच म्हणाल्या, "प्रश्न मला दाखवाल का आधी?" मी म्हणालो, दाखवतो. मग राहून गेलं.

दोन दिवस घासूनपुसून केलेला प्रश्न आहे. 'आयुष्यभराच्या घरातून हुसकावून लावलं जाणं तुम्हाला मान्य आहे का?' एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

ताईने मागच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्यात, शेजारी तारखा. म्हणालो, भिंत का खराब करतेस? म्हणाली, "खराब मी नाही करत."

९ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर नेहमीप्रमाणे वाचनालयात. पाहण्यांवरची दोन जाडी पुस्तकं काढली. संध्याकाळी फॉर्म घेऊन दारं वाजवली. दर घराला एक फॉर्म, घरातल्या एकाने भरायचा, खाली सही. पहिली रांग माझी. प्रत्येक दारात पाच मिनिटं बोललो, मग फॉर्म पुढे केला. माणसं सही करताना डोळ्यांत पाणी आणत होती. कितीतरी वर्षांनी घसा असा सुखाने दुखला.

आमच्या घराचा फॉर्म मीच भरला. ताई स्वयंपाकात होती.

१४ फेब्रुवारी, रविवार

दोनशे तीन फॉर्म आले. एकशे एकाहत्तर जणांना जाणं नामंजूर. चौऱ्याऐंशी टक्के!

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आकडेबाईंनी फॉर्म घरी नेले होते. आज बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर चार गठ्ठे, वर चष्म्याचं घर, वजन म्हणून.

आधी पालिकेचा प्रश्न वाचला त्यांनी. मग आमचा. पुन्हा एकदा दोन्ही वाचले, त्याच सपाट आवाजात. मी म्हणालो, कळलं, पुढे चला.

गठ्ठे घर क्रमांकाचे नव्हते. फॉर्म कुणी गोळा केला त्याचे होते. टपालवाल्याने आणले ऐंशी, नामंजूर एकोणसत्तर. बाकीच्या मंडळींचे बत्तीस, नामंजूर अठ्ठावीस. आकडेबाईंचे स्वतःचे तीस, नामंजूर चौदा.

"तुम्ही लोकांना काय सांगितलंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"काही नाही. फॉर्म दिला आणि यंत्र बंद करून बसले."

मग चौथा गठ्ठा. माझा. एकसष्ट घरं, साठ नामंजूर.

"साठ," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर हेच कागद पाहिले. एकसष्ट माणसांचं आज वार कुठला यावरही एकमत होत नाही हो."

"लोकांची भावना तीव्र आहे."

"असेल. तो एकसष्टावा कोण ते पाहिलंत? खाणीचा जुना पहारेकरी. ठार बहिरा. त्याने प्रश्न वाचला, तुमचं भाषण त्याला ऐकू गेलं नाही."

मला हसू आलं. मग आलं ते गेलं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. दोनशे तीन सह्यांपैकी बायकांच्या फक्त एकोणीस. "घराला विचारलंय आपण. घर बोलत नसतं. जो दार उघडतो तो बोलतो."

१७ फेब्रुवारी

त्यांचं खोटं आहे म्हणायला जागा शोधत होतो. दोन्ही पुस्तकांत सापडली नाही. पहिल्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, विचारणाऱ्यामुळे उत्तर कसं वाकतं यावर. ते मी नऊ तारखेला वाचलं होतं. समासात 'पालिका!!' असं लिहून ठेवलंय. माझंच अक्षर.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरी पाहणी. आकडेबाईंच्या पद्धतीने. प्रत्येक मोठ्या माणसाला शिक्का मारलेली एक चिठ्ठी, यादीवर खूण करून. नाव नाही, सही नाही. तीन चौकोन: इथेच राहावं, नव्या जागी जावं, अजून ठरलं नाही. वाचनालयात कुलूप लावलेली पेटी, तीन दिवस. पेटीजवळ कुणी बोलायचं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुणी म्हणजे कुणीच."

ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या घरच्यांनी न्यायच्या. आमच्या दोन चिठ्ठ्या मीच नेल्या. दोन्हींवर पहिल्या चौकोनात खूण केली. ताईला काय विचारायचं? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून ती माझ्यासोबत आहे. तिच्या मनातलं मला कळतं.

२१ फेब्रुवारी, रविवार

यादीत सहाशे चाळीस. चिठ्ठ्या पाचशे अकरा. जावं: दोनशे अठ्ठ्याऐंशी. राहावं: एकशे एकोणचाळीस. ठरलं नाही: चौऱ्याऐंशी.

आकडेबाईंनी दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा.

भांडलो. एकशे एकोणतीस जण आलेच नाहीत, त्यांचं काय? त्या म्हणाल्या, बरोबर, तो दोष आहे, कागदावर लिहिलाय. ते सगळे राहायचं म्हणाले असते तरी दोनशे अडुसष्ट होतात, म्हणाल्या. मी म्हणालो, लोक घाबरलेत, ही भीती मोजलीत तुम्ही, मत नाही. त्या म्हणाल्या, "ढिगाऱ्याखाली झोपणाऱ्याची भीती हे मतच आहे."

माझ्या दोन चिठ्ठ्यांबद्दल मी बोललो नाही.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "सुनावणीत तुम्ही वाचा. तिन्ही पाहण्या, दोषांसकट. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही."

वाचतो म्हणालो.

२२ फेब्रुवारी

ताईच्या खोलीत गेलो होतो. त्या रेघा. प्रत्येक रेघ भेगेच्या टोकाशी आहे, आणि प्रत्येक तारखेला टोक थोडं खाली आलेलं. सोळा रेघा. ती मोजत होती.

दिवा घालवून बाहेर आलो.

२४ फेब्रुवारी, बुधवार

झालं ते जसंच्या तसं लिहितो. निदान इथे.

सभागृह गच्च. लोक खिडक्यांत. आकडेबाई पहिल्या रांगेत कडेला. माझ्या डाव्या खिशात त्यांचा कागद, हातात आमची फाइल. तिन्ही वाचायचं ठरवून उभा राहिलो. देवाशपथ ठरवलं होतं.

सुरुवात पालिकेच्या पाहणीने केली. त्यांचा प्रश्न वाचला. हशा. अकरा ते चार वाचलं. म्हणालो, "त्या वेळी घरी फोन कोण उचलतं? डुलकी मोडलेल्या म्हाताऱ्या! 'बाई, चांगलं घर हवं का?' 'हो गं बाई, ठेव आता!'" बायकी आवाज काढून म्हणालो. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. "माझ्या घरी तीस वर्षं फोन आहे. मला नाही आला!" टाळ्या थांबेनात. अध्यक्षसुद्धा हसत होते.

मग चौऱ्याऐंशी टक्के म्हणालो. छप्पर उडतं की काय असं वाटलं.

इथे थांबून डाव्या खिशात हात घालायचा होता. घातला. कागद बोटांना लागला. समोर टपालवाला मूठ वर करून उभा होता, त्याच्यामागे वसाहतीतली सगळी पहिली रांग — माझी साठ घरं. आणि मी म्हणालो, "याहून वेगळा आकडा कुणाकडे असेल तर त्याने आत्ता उभं राहावं."

आकडेबाई उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले. टाळ्यांत काही ऐकू आलं नाही. त्यांनी यंत्र कानातून काढून पर्समध्ये ठेवलं आणि बाजूच्या दाराने गेल्या.

अध्यक्षांनी लिहून घेतलं: रहिवाशांचा विरोध लक्षात घेऊन स्थलांतराचा प्रस्ताव रद्द. नव्या जागा प्रतीक्षा यादीकडे.

खांद्यावर घेतलं मला. या वयात.

घरी आलो तर ताई जागी होती. काय झालं, तिने विचारलं. राहायचं ठरलं, म्हणालो. "बरं," म्हणाली, आणि पान वाढलं.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ताईने पलंगाखालची ट्रंक ओढली. काठोकाठ भरलेली. कपडे, आईचा फोटो धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, माझी दोन जाडी स्वेटरं. एकेक काढून फळीवर परत ठेवायला लागली.

"कधी भरलीस?"

"महिना झाला. फोन आला त्या दिवशी."

"कसला फोन?"

"पालिकेतली मुलगी होती. तू वाचनालयात होतास. तिने विचारलं, जायला तयार आहात का. मी म्हटलं, घरी भाऊ असतो, त्याला विचारा. तर म्हणाली, नाही आजी, तुमचं सांगा." स्वेटरची घडी नीट केली. "मग सांगितलं, हो."

ट्रंक रिकामी झाली. ती पेन्सिल घेऊन भिंतीशी गेली. आजची रेघ कालच्यापेक्षा एक बोट खाली आहे.