मी ‘ओढ’ म्हणालो होतो

लडाख
दि. ३ फेब्रुवारी

ती. आक्का,

नमस्कार. आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहितो. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवतो, आणि स्नेहलला सांग की मामानं पापा पाठवलाय. अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताला पट्टी आहे. बर्फावर पडलो, फार काही नाही.

पत्र शरिफाभाभींच्या पत्त्यावर टाकतोय. तुझा मोबाईल दाजींच्या खिशात असतो, आणि इथला फोन आठवड्यातून एकदा मिळतो, तोही मागं रांगेतले सगळे कान लावून उभे असताना. भाभी शेजारीच आहेत. ब्लाउज शिवायला टाकलाय म्हणून जा, त्यांच्या मशीनपाशी बसून वाच आणि तिथंच ठेव. घरी नेऊ नको. इकडं आमची पत्रं साहेब उघडून बघतात. बघू देत. आख्ख्या पोस्टवर मराठी कळणारा मी एकटाच आहे.

मागं तू विचारलं होतंस, तिथं दिवसभर करता तरी काय? बर्फ काढतो, आक्का. सरकारनं मला रडार शिकवलं आणि हातात फावडं दिलं. पाळी आली की पडद्यापुढं बसायचं. ठिपका दिसला की कळवायचं. ठिपका बहुतेक वेळा नसतोच, पण डोळा हलवायचा नाही. पाळी संपली की फावडं. अँटेनावर बर्फ बसला तर रडार आंधळं होतं, आणि बर्फ तर बसतच असतो. बराकीपासून अँटेनापर्यंत जाड दोर बांधलाय. वादळात स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा त्या दोराला कमरेचा हूक अडकवून जायचं. लोखंडाला उघडा हात लागला की कातडं तिथंच राहतं. अंडं भिंतीवर आपटलं तर पोपडा भिंतीचा निघतो. रॉकेलच्या बुखारीपुढं, म्हणजे शेगडीपुढं, बसून सगळ्यांच्या नाकपुड्या काळ्या झाल्यात. आपण कर्जतला मे महिन्यात उकाड्यानं जीव गेला म्हणून बोंबलायचो, त्याची आता लाज वाटते.

वारा इथं हाणामारी करायलाच येतो. त्याचं बघून माणसंही तशीच होतात. महिनोन् महिने तीच तोंडं. घोरतो म्हणून एकानं दुसऱ्याच्या तोंडावर बूट फेकला. परवा कॅरमच्या सोंगटीवरून दोघांनी एकमेकांची नरडी धरली आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवले. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

दाजींनी परत हात उचलला का? खरं लिही. ‘पडले’, ‘दार लागलं’ असलं लिहू नको. दिवाळीला मी दारात उभा राहून बघितलंय. तू चुलीच्या कोपऱ्यात बसली होतीस, दोन्ही कोपरं कानांवर घट्ट धरून, आणि ते पट्ट्यानं मारत होते. मला बघितल्यावर थांबले. वर चहा घेताना मला काय म्हणाले आठवतंय? “डोकं फिरतं वो पाव्हणं. कामाचं टेन्शन लई हाय.” मी तो चहा प्यालो, आक्का. पिता पिता ठरवलं की पुढच्या रजेला येऊन ह्या माणसाचे हात कोपरापासून मोडायचे आणि तुला घेऊन जायचं. तू म्हणालीस, “तू आलास की निघते, तोवर कळ काढते.” रोज पडद्यापुढं बसून मी तेच बघत होतो. कुठून सुरुवात करायची, आधी डावा का उजवा, ते ओरडतील कसे. ठिपका कसला दिसतोय मला.

रजेचं पुढं लिहितो. आधी ब्रिजेशचं लिहायला पाहिजे.

ब्रिजेश गोरखपूरकडचा. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपतो. गरीब माणूस, माझ्या वाटचा कांदासुद्धा सोलून देतो. गेल्या आठवड्यात वादळात आम्ही दोघं अँटेनावर गेलो. कड्याच्या बाजूला केबलवर बर्फ चढला होता. मी कमरेला दोर बांधून खाली उतरलो. वर ब्रिजेश दोर धरून, त्याचा वेढा लोखंडी खांबाला दिलेला. फावड्याचा दुसरा का तिसरा घाव घातला आणि माझा पाय सटकला. कड्यावरून खाली गेलो आणि दोराला लोंबकळलो. वारा मला उचलून कातळावर आपटायचा. तोंड आपटलं, गुडघा आपटला, परत तोंड. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “ओढ! ओढ! ओढ!”

वरून कुणी ओढलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सार्जंट साहेब दुसऱ्या दोघांना घेऊन आले आणि त्यांनी मला वर घेतलं. वर येऊन बघतो तर ब्रिजेशनं दोर खांबाला बांधून टाकलाय आणि स्वतः ताडपत्री डोक्यावरून घेऊन गप बसलाय. मला वाटलं, हा भ्याला, मला मरायला सोडलं.

ब्रिजेशचं फावडं शेजारीच पडलं होतं, ते उचललं. ताडपत्रीवरूनच दांडा घातला. दांडा मोडला. मग हातमोजा काढून टाकला आणि बुक्क्या घातल्या. हाताला पट्टी त्याची आहे, मी पडलोबिडलो नाही. ताडपत्रीखालचा माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. माझ्या डोळ्यांपुढं दाजी होते, आक्का. देवाशप्पथ. डावा आधी, मग उजवा. आणि तुला सांगतो, मला बरं वाटत होतं. इतकं बरं दिवाळीपासून एकदाही वाटलं नव्हतं. तिघांनी मागं ओढलं तरी मी लाथा घालत होतो.

सार्जंट साहेबांनी ताडपत्री काढली. ब्रिजेश मुटकुळं करून बसला होता, दोन्ही कोपरं कानांवर घट्ट धरून. तू बसतेस तसाच. जबडा एका बाजूला गेलेला, बर्फावर रक्त आणि दोन दात.

साहेबांनी विचारलं, “क्यों मारा?” माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून माझे मलाच शहारे आले. मी म्हणालो, “दिमाग फिर गया था, साहब.”

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर हेलिकॉप्टर आलं. ब्रिजेशला स्ट्रेचरवर नेताना मी उभा होतो, माझ्यावर पहारा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सुजलेल्या तोंडानं कसंबसं म्हणाला, “तूने ही तो बोला था... ओढ़.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत ‘ओढ़’ म्हणजे पांघर, अंगावर घे. त्याला वाटलं असणार, खालून मला वरचा बर्फ सुटताना दिसला आणि मी त्याला सांगतोय की स्वतःला झाक. म्हणून त्यानं आधी माझा दोर पक्का केला आणि मगच ताडपत्री घेतली. त्या गाठीमुळंच मी आज तुला लिहितोय. एरवी मी त्याच्याशी चांगलं हिंदी बोलतो. मरायच्या वेळी मराठी आली.

माझी चौकशी लागली आहे. रजा रद्द झाली. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

म्हणून हे पत्र. माझी वाट बघू नको, आक्का. मी मार्चला येत नाही. कधी येईन तेही ठाऊक नाही. शरिफाभाभींच्या मालकांना, मोहियोद्दीनभाईंना सांग. त्यांचा टेम्पो माल घेऊन श्रीरामपूरकडं जातो. स्नेहलला घे आणि बेलापूरला भीमामावशीकडं जा. कपडे, भांडी सगळं राहू दे. मावशी विचारणार नाही. तुझ्या एका भावाच्या हातावर तू सगळं ठेवलं होतंस आणि त्या हातानं काय केलं ते वर लिहिलंय. मला त्या हाताची किळस येते.

जा. कुणाचीही वाट बघू नको.

तुझा
अंगद


बेलापूर
दि. २२ फेब्रुवारी

चि. अंगद,

आशीर्वाद. पत्ता बघून तुला कळलंच असेल.

तुझं पत्र भाभींच्या मशीनपाशी वाचलं. भाभी समोर बसून काजं करत होत्या. मला रडू आवरेना तेव्हा त्यांनी मशीन जोरात चालवलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मग म्हणाल्या, “बाजारच्या दिवशी निघा. गर्दीत कोन बघत न्हाई.”

काष्टीचा बाजार तू बघितलायस. बैल, शेळ्या, धूळ, त्यात टेम्पो उभा. स्नेहलला पुढं मोहियोद्दीनभाईंशेजारी बसवलं आणि मी मागं कांद्याच्या गोण्यांत चढले. तेवढ्यात तुझे दाजी आले. कुणी सांगितलं देव जाणे. त्यांनी माझी वेणी धरली आणि खाली ओढायला लागले. भर बाजारात. माणसं शेळीचा भाव सोडून बघत राहिली, पुढं एकही आला नाही. भाभी शेजारच्या कापडाच्या पालावर थांबल्या होत्या, तिथला कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन धावत आल्या आणि त्याच्या मनगटावर सपासप मारलं. वेणी सुटली. मी आतून टेम्पोचा मागचा फाळका वर ओढला. त्याची बोटं मधे होती. मोडल्याचा आवाज आला. तो ओरडत होता, “डोकं फिरलंय हिचं!” मी फाळका सोडला नाही. कडी लावायला म्हणून शेवटी जरा सैल केला, तेव्हा त्यानं हात काढून घेतला.

तू लिहिलंस, मारताना तुला बरं वाटत होतं. मला वाटलं नाही, अंगद. तो आवाज अजून कानात आहे. टेम्पो हलला तेव्हा बरं वाटलं.

मावशीनं काही विचारलं नाही. गरम पाणी दिलं आणि झोपवलं. स्नेहल दोन दिवस बोलत नव्हती. काल कोंबडीमागं पळाली.

ब्रिजेशला आई असेल, बहीण असेल. तिला फोन कर. काय बोलायचं ते मला विचारू नको. आणि डोकं फिरलं होतं, हे तिला सांगू नको. चार वर्षं मी ते ऐकत आलेय. डोकं कुणाचंही फिरत नाही. तुझं तरी कुठं फिरलं होतं? डावा आधी, मग उजवा, हे तू महिनोन् महिने ठरवत होतास.

तुझं पत्र सोबत आणलंय, चार वेळा वाचलं. ताडपत्रीपर्यंत आलं की दर वेळी माझी कोपरं आपोआप कानांवर जातात. मावशीनं बघितलं, तिला काय सांगू?

तू लहान असताना मी तुला कडेवर घेऊन फिरवलंय. तू माझाच आहेस, ते काही सुटत नाही. मी तुझ्यावर रागावले नाही. मला तुझी भीती वाटते. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

रजा मिळाली तरी इकडं येऊ नको. मी बोलवीन तेव्हा ये. हाताला ऊब दे.

तुझी
आक्का